नाना हवालदारांचा बंदोबस्त

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसांना एक काम द्या आणि त्यातल्या एकाला सगळ्या जगाचा संशय येऊ द्या, की आठवड्याला एक किस्सा आपोआप तयार होतो! आमच्या रक्षक दलाचं तसंच झालं. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली आणि काष्टीजवळच्या आमच्या गावात नाना हवालदारांनी दल उभं केलं.

नाना फौजेतून पेन्शनीवर आलेले. धोतरावरसुद्धा फौजेचा पट्टा बांधायचे. दलात मेहबूबभाई टेलर घेतले, कारण दंडावर बांधायच्या पट्ट्या शिवणार कोण? बापू घेतला, कारण तीन सेलची बॅटरी गावात फक्त त्याच्याकडं. आणि मी शाळेत कवायत शिकवायचो, म्हणून माझ्या गळ्यात शिट्टी.

"मास्तर, शिट्टी द्या," नाना म्हणाले.

"शाळेची आहे नाना, दुसऱ्याला देता येत नाही."

"मंग शिट्टीबरूबर तुमी बी या!"

अशी माझी भरती झाली.

* * *

पहिल्याच आठवड्यात आम्ही हेर पकडला.

गावाबाहेर माळावर एक पँटवाला माणूस तीन पायांवर दुर्बीण उभी करून बघत होता. एकदा आमच्या गावाकडं बघायचा, एकदा नगरच्या दिशेला. नगरला लष्कराची छावणी! नानांनी बापूला डावीकडून पाठवलं, मला उजवीकडून, आणि स्वतः समोरून गेले.

"काय बगताय?"

"लेव्हल," तो म्हणाला.

"कुनाची?"

त्यानं जमिनीकडं बोट दाखवलं. नानांना ते उत्तर फारच संशयास्पद वाटलं. त्याला चावडीत आणून बसवलं. पिठलं-भाकरी दिली, पण दुर्बीण दिली नाही. तो बिचारा कागद दाखवत होता, तर नाना म्हणाले, "कागद काय, खोटं बी असत्यात." दुपारी सरपंच धावत आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. आम्ही दोन वर्षं अर्ज करत होतो ना, पाट गावाकडून न्या म्हणून? त्याची पाहणी करायला आलेला ओव्हरसियर होता तो!

तो गेला तो पुन्हा आलाच नाही. पाट पलीकडच्या गावातून गेला. आजही तिकडं ऊस आहे आणि आमच्याकडं माळ आहे. सरपंचांनी नानांना जाब विचारला, तर नाना म्हणाले, "पानी काय, मागनं बी येईल. देश आदी!"

* * *

दिवेलागणीला माझी शिट्टी वाजायची आणि गावानं दिवे झाकायचे, हा आमचा ब्लॅकआउट. लोकांनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. ज्यांच्या घराला खिडकीच नव्हती, त्यांनी दाराला लावल्या. नाना मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उभे राहून सगळीकडं नजर फिरवायचे.

एकदा गाव अगदी काळं झालं आणि तेवढ्यात माळावरून भला मोठा चंद्र वर आला. सगळं पांढरंफेक! पत्रेसुद्धा चमकायला लागले. नाना बराच वेळ त्याच्याकडं रागानं बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याचा बंदोबस्त कुनाकडं हाय?"

मेहबूबभाई म्हणाले, "नाना, त्येची तक्रार लई वर करावी लागंल!"

* * *

शाळेचा झेंडा नानांनी पहिल्या दिवशीच ताब्यात घेतला. त्यांच्या लोखंडी पेटीत झेंडा, पेटीला कुलूप आणि किल्ली करगोट्याला. झेंड्याच्या बाबतीत त्यांना कुणीही जवळ आलेलं खपत नसे. आदल्या वर्षी कुणीतरी उलटा बांधला होता, हिरवा वर, ते नाना विसरले नव्हते. चूक होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाना मात्र म्हणायचे, "चूक न्हाई, कुनाचं तरी काम हाय."

एकदा झेंड्याची कडा उसवली. आता झेंडा टेलरकडं न्यावाच लागणार. नानांनी स्वच्छ पंच्यात गुंडाळून झेंडा मेहबूबभाईंच्या दुकानात नेला, मागोमाग मी आणि बापू, आणि नाना समोर मांडी घालून बसले. मेहबूबभाई टीप मारताहेत आणि नाना सुईकडं डोळे लावून बघताहेत. दोरा तपासला, टीप मोजली, उरलेला दोरासुद्धा मागून घेतला.

"नाना," मेहबूबभाई म्हणाले, "ही सुई बी करगोट्याला बांधून न्या!"

आम्ही हसलो. पण मेहबूबभाई हसले नाहीत. मशीन थांबवून त्यांनी सरळच विचारलं, "खरं सांगा. माज्यावर संशय हाय का तुमचा?"

त्या दिवसांत असा प्रश्न साधा नव्हता.

नानांनी झेंडा घडी घालून पंच्यात ठेवला आणि म्हणाले, "तुज्यावरच कशाला? मला माज्यावर बी हाय."

मेहबूबभाईंनी चहा सांगितला. मला मात्र तेव्हा कळलं, की नानांचा संशय जातपात बघत नाही. तो सगळ्यांना सारखा! त्याचं मला फार बरं वाटलं.

* * *

मग रेडिओनं सांगितलं, लढाई संपली, आपण जिंकलो. गावानं साखर वाटली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नाना माझ्या दारात हजर.

"शिट्टी?"

"नाना, लढाई संपली की!"

"कोन म्हनतं?"

"रेडिओ."

"रेडिओ कुटं ठिवलाय? सरपंचाच्या घरात. सरपंचाला दिवं लावून पत्तं खेळायचं असत्यात. तुमी इस्वास ठिवा, मी न्हाई ठिवत!"

अख्ख्या हिंदुस्थानात दिवे लागले आणि आमचं गाव जानेवारीतही अंधारात जेवत होतं. लोक शिव्या घालायचे, पण दिवे झाकायचे. कारण नाना दार वाजवायचे आणि त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा अंधारात जेवणं सोपं होतं.

* * *

आता संपतचं सांगतो.

आमच्या गावची तीन पोरं स्वतःहून फौजेत गेलेली. कुणी सांगितलं नव्हतं, घरचे नको म्हणत होते, तरी गेली. दोघं अजून तिकडंच होते. तिसरा संपत, गयाबाईचा एकुलता एक मुलगा, तोफखान्यात. तो जानेवारीत अचानक घरी आला. ना हात मोडलेला, ना पाय, ना कुठं पट्टी. ठणठणीत!

नानांचे कान टवकारले. "बाकीचं दोगं तिकडं आन् ह्यो हिकडं कसा?"

बरं, यावं तर चार लोकांत बसावं, लढाईच्या गोष्टी सांगाव्यात. तर हा घराबाहेर पडेना. कुणी भेटायला गेलं की गयाबाई दारात आडवी.

"त्येला मौन हाय. नवस बोललाय."

"कुनाला?"

"द्येवाला!" म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

मौन घेतलेला फौजी कुणी पाहिलाय का? एकदा मी त्याला ओढ्याकडं जाताना पाहिलं. मागून हाक मारली, "संपतऽ!" वळूनही बघितलं नाही. माझाच विद्यार्थी! मला राग आला. बापूची बैलगाडी मागून आली, बापू ओरडतोय, घुंगरं वाजताहेत, तरी हा वाटेच्या मधून चाललाय. शेवटी बैलाचं शिंग पाठीला लागणार, तेव्हा दचकून बाजूला झाला.

"मस्ती आलीया," बापू म्हणाला.

"मस्ती न्हाई," नाना म्हणाले. "मानूस डोळा चुकवतोय."

आणि मग ते झालं, ज्यानं नानांची खात्रीच पटली. दिवेलागणीला मी शिट्टी मारली. गाव काळं झालं. आणि गयाबाईच्या ओसरीवर एक कंदील जळतोय! गयाबाई शेजारी गेलेली, संपत एकटाच कंदिलाच्या उजेडात बूट पुसत बसलेला. मी अंगणाच्या कुडाबाहेर उभा राहून पुन्हा शिट्टी मारली. गालफडं दुखेपर्यंत मारली. त्यानं मान वर केली नाही! शेवटी गयाबाई धापा टाकत आली आणि तिनं कंदील फुंकला.

नाना कुजबुजले, "बूट पुसतोय म्हनं! कंदील कुनाला दावीत हुता, त्ये बगाया पायजे."

माझा खरं सांगायचं तर विश्वास बसला. माझ्या शिट्टीला गावातलं कुत्रंसुद्धा जुमानायचं.

* * *

सव्वीस जानेवारीला तिन्ही फौजींचा सत्कार करायचं ठरलं होतं. जे हजर नाहीत त्यांच्या वडिलांना शाल, श्रीफळ आणि फेटा. चावडीत बैठक बसली आणि नानांनी संपतचं नाव वगळलं.

"पळून आल्याला असंल तर? झेंड्याखाली त्येला फेटा बांदायचा आन् मागनं कळलं तर? झेंड्याचा अपमान!"

गयाबाई दाराशी येऊन उभी होती, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"माजं प्वार पळून आल्यालं न्हाई," ती म्हणाली.

"मंग त्येनं तोंड उगडून सांगावं," नाना म्हणाले. "फेटा तयार हाय."

ती तशीच माघारी वळली. नुसतं एवढं घडलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात संपत भगोडा ठरला. पारनेरकडची मुलगी त्याला ठरलेली होती, तिच्याकडची माणसंही झेंड्याला येणार होती. आता ती आल्या पावली परत जाणार, असं जो तो बोलायला लागला. मला गयाबाईची दया आली, पण नानांपुढं मीही गप्प बसलो.

आदल्या दिवशी नानांनी झेंडा स्वतः बांधला. झेंड्याच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या घालून वरून सुरगाठ मारतात, म्हणजे खालून दोरीला हिसका दिला की झेंडा उलगडतो आणि पाकळ्या पडतात. हे नेहमी माझं काम. पण नानांनी मला हात लावू दिला नाही. दार लावून, एकट्यानं बांधला.

सकाळी सगळं गाव शाळेपुढं. दोन बाप फेटे बांधून खुर्च्यांवर, तिसऱ्या रिकाम्या खुर्चीवर नुसता फेटा. पारनेरचे पाहुणे कडेला. मुलींना मी शिकवून ठेवलं होतं, सरपंचांनी दोरी ओढली की राष्ट्रगीत सुरू. झेंड्याचं बोचकं वर चढलं. तेवढ्यात मागं कुजबुज झाली. संपत आला होता! कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, चमकणारे बूट. कुणाच्या जवळ गेला नाही, मागं लिंबाखाली ताठ उभा राहिला आणि त्यानं सॅल्यूट ठोकला.

सरपंचांनी दोरी ओढली. झेंडा उलगडेना. पुन्हा हिसका दिला, तरी नाही. पण दोरी ओढली ना? मुलींनी सुरू केलं! आणि एकदा सुरू झालेलं राष्ट्रगीत थांबवायचं कसं? सगळं गाव त्या बोचक्याखाली सावधान उभं राहिलं.

गीत संपलं. मी "विश्राम" म्हटलं. सगळे हलले, एक संपत सोडून. त्याचा हात कपाळालाच!

"विश्राम!" नाना गरजले. संपत ढिम्म. नजर वर, बोचक्यावर.

"थट्टा करतोय आपली!" म्हणत नाना तरातरा त्याच्याकडं निघाले. पाठीमागून जाऊन त्याच्या कानाशी ओरडले, "विश्राऽऽम!" लिंबावरचे पक्षी उडाले. संपतची पापणी हलली नाही.

तेव्हा बायकांतून गयाबाईचा हंबरडा आला. "वरडू नका वो त्येच्यावर! तोफंनं कान ग्येलं त्येचं! लगीन मोडंल म्हनून मीच सांगितलं न्हाई वो कुनाला!"

माझा हात आपोआप गळ्यातल्या शिट्टीकडं गेला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की काय सांगू. त्या पोराला ना शिट्टी ऐकू आली होती, ना हाक, ना गीत. त्याला फक्त झेंडा दिसत होता आणि तो अजून उलगडला नव्हता. मग तो हात खाली कसा घेणार?

नाना खांबाशी आले, बोचकं हळूहळू खाली घेतलं. जमिनीला लागू नये म्हणून इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "मेहबूब, धर."

मेहबूबभाईंनी दोन्ही तळव्यांवर झेंडा धरला. नाना गाठ सोडायला लागले. बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. एकीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी! मग मी सुरगाठ मारली, झेंडा पुन्हा वर गेला, सरपंचांनी दोरी ओढली आणि पाकळ्या खाली आल्या. मुलींनी पुन्हा पहिल्यापासून गायलं. नाना संपतच्या समोर, त्याला दिसतील असे सॅल्यूट ठोकून उभे राहिले. गीत संपल्यावर त्यांनी आपला हात सावकाश खाली आणला. तो बघून संपतनं आपला खाली आणला.

पारनेरच्या पाहुण्यांतला मुलीचा बाप उठला, त्यानं खुर्चीवरचा तिसरा फेटा मागितला आणि स्वतः संपतच्या डोक्याला बांधला.

मग संपत बोलला. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळं केवढ्यानं बोलला! शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेलं.

"नाना, गाठ कुनी मारली हुती?"

नानांनी एकदा गावाकडं बघितलं, एकदा मेहबूबभाईंकडं. मग संपतच्या पुढं उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले.