आत कमी, बाहेर जास्त

आधी माफी मागतो. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आमच्या तलमडुगूच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. गवताबद्दल मी काय लिहिणार? पण यातली चूक माझी होती, म्हणून ती मीच सांगावी असं वाटलं.

भैंसा गावाकडच्या एका माळावर मी गुडघ्यांवर बसून रोपं मोजत होतो. सर्वेचं रोजंदारीचं काम. मीटरभराची चौकट जमिनीवर ठेवायची आणि आत किती जाती दिसतात ते फॉर्मवर लिहायचं. चौकटीला क्वाड्राट म्हणतात. माळाचा एक तुकडा तारेच्या कुंपणात राखलेला, बाकीचा गावच्या ढोरांना मोकळा. आत जास्त जाती निघाल्या, तर सगळ्या माळाला तार लागणार होती.

निघालं उलटंच. आत कमी, बाहेर जास्त. पुन्हा मोजलं. तेच.

सर्वेचे सर तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलायचे. फॉर्म बघून म्हणाले, "अंदर-बाहर का हेडिंग उलटा लिखा क्या?"

"पता नहीं, सर."

"पता नहीं, ये कौन-से कॉलम में लिखूँ?"

मला खरंच कळेना. राखलेल्या जागेत जास्त उगवतं, एवढंच मला माहीत होतं. वाटलं, उन्हात आपल्याकडूनच कागद बदलले असतील. मी हेडिंग खोडली, अदलाबदल केली. सरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सामान उचलायला गेलो. गावची ढोरं चारणारे ढोरकी नामदेवकाका कुंपणाच्या खांबाला टेकून उभे होते.

"काऊन रे, तोंड पाडून बसला?"

मी सगळं सांगितलं. ते हसले. "तुह्या कॉलेजात ढोरं चरत नाई वाटते. आत पाय. कुसळी कमरेइतकी झाली. तिच्या सावलीत भुईआवळी जगन का? बाहेर ढोरं कुसळीलेच आधी तोंड लावते. मंग बाकीच्याईले ऊन भेटते."

मी तारेखालून आत शिरलो, कुसळीचं गवत बाजूला सारलं. खाली नुसत्या पिवळ्या, मेलेल्या काड्या. बाहेर मात्र बोटभर उंचीत कितीतरी जाती एकमेकींना खेटून. कागद बरोबर होते.

"मंग आता माह्या ढोराईनं कुठं जावं?" काका म्हणाले. आता ते हसत नव्हते.

मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला: हेडिंग मी बदलली. तोवर दसऱ्याला सरकारनं आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले. माळ नव्या जिल्ह्यात गेला, फाईलही. जुन्या ऑफिसात म्हणाले, तिकडे गेली. नव्यात म्हणाले, गठ्ठे अजून सोडले नाहीत. मी दोन्हीकडे अर्ज ठेवला.

"अगले साल काम नहीं मिलेगा, मालूम है ना?" सर म्हणाले.

"मालूम है, सर."

मिळालंही नाही. माळाच्या कडेला तारेची बंडलं येऊन पडल्याचं मात्र कळलं. ढोरं फार झाली तर बाहेरच्या जातींचं काय होईल, हे मला अजून नीट कळत नाही. एवढंच शिकलो, आकडा पटला नाही तर पुन्हा मोजावं, हेडिंगला हात लावू नये.

पुढच्या श्रावणात काकांचा फोन आला.

"नवे सायेब आल्ते. तुहा अर्ज हातात. सोताच गुडघ्यावर बसून मोजत होते, दोनदा. तुह्यावानीच तोंड झालं त्याईचं."

"मग?"

"मंग काय, तारेचे बंडलं ट्रॅक्टरवर घालून वापस नेले."