वामनचं विवर

वामन दगड चाटायचा. कॉलेजात, रस्त्यात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत द्रोणाला टेकू दिलेला खडासुद्धा त्यानं चाटून पाहिला. ओल्या दगडाचा कण न् कण दिसतो, हे भूगर्भशास्त्राच्या कुठल्याही मास्तराला ठाऊक असतं. नागपुरात त्याच्याबरोबर मीही तेच शिकवत होतो. पण मला किळस यायची. मी दगड रुमालानं पुसून बघायचो. पोरं मात्र त्याच्याच मागे.

युद्धाच्या दिवसांत खापा गावाजवळ एका पाटलानं शेतात विहीर खणली. पाहायला आधी मी गेलो. उपसलेल्या दगडांच्या ढिगावर बसून भाकरी खाल्ली आणि काही विशेष नाही म्हणून परतलो. नंतर वामन गेला. त्याच ढिगातला दगड त्यानं चाटला, तर त्यावर घोड्याच्या शेपटीसारख्या पसरत गेलेल्या, प्रचंड दणक्यानंच उमटतात तशा रेघा दिसल्या. मग तो विहिरीत उतरला. काळ्या कातळाच्या खाली असायला हवा तो वाळूचा दगड वर होता. सगळे थर उलटे. फार पूर्वी आकाशातून काहीतरी प्रचंड आदळलं, खड्ड्याच्या कडेची जमीन उलथली आणि पुढे सगळं मातीनं बुजलं, असं त्यानं येऊन सांगितलं. त्या विवरावर आता संत्र्यांची बाग होती.

माझ्या पोटात दुखू लागलं. आमचे साहेब हसून म्हणाले, जुना ज्वालामुखी असेल. ते हसणं मला फार गोड वाटलं. वामन बरोबर आहे, हे मला पक्कं कळत होतं.

"मंग लिहून काहून नाही काढत?" मी विचारलं.

"काहून घाई करून राहिला गा? खड्डा काही उठून जात नाही."

प्रत्येक गोष्टीला त्याचं हेच उत्तर. त्याला कुणाचाच हेवा वाटत नसे, आणि मला त्याच्या या हेवा नसण्याचाही हेवा वाटे.

मग त्याला विषमज्वर झाला. त्यानं मला बोलावून घेतलं. आवाज पार खोल गेला होता.

"आता तूच लिही. नावही तुझंच टाक."

"माझं काहून?"

"त्या ढिगावर पयले तूच बसला होता गा. पाटलानं मले तवाच सांगितलं."

म्हणजे मी लपवलेली ती फेरी त्याला पहिल्यापासून माहीत होती आणि तो कुणाजवळ बोलला नव्हता. बोलण्यात टोमणाही नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच आठवड्यात तो गेला.

लेख मी लिहिला. त्यावर नाव एकट्या वामनचं घातलं. लोकांना तो माझा मोठेपणा वाटतो. खरं म्हणजे त्याच्याकडून तेवढंसुद्धा घेणं मला सोसलं नसतं.