रुंदीचा नॉब

समाधानच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक फेविक्विकच्या एका ट्यूबमध्ये मावली.

मखमलाबादच्या फुलशेतीवाल्या घरातला हा माणूस. झेंडू खुडण्यात त्याचं मन कधी रमलं नाही, म्हणून पंचवटीतल्या खंडेरावांच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला गेला. त्याचे चुलते मोतीरामकाका तिथंच सनई वाजवायचे. पंचाण्णव साली काकांचे दात गेले आणि दातांबरोबर फुंकही गेली. खंडेराव तसे देवमाणूस, पण लग्नसराईत देवपण गुंडाळून ठेवणारे. म्हणाले, "सनई नसंल तर दुसरा माणूस बघावा लागंल."

समाधान इरेला पेटला. बँडकडे एक जुना सिंथेसायझर धूळ खात पडला होता, त्यात बँड-पास फिल्टर होता. म्हणजे आवाजातला मधला एक पट्टा तेवढा पुढं सोडायचा, वरचा आणि खालचा अडवायचा. एक नॉब पट्टा कुठला ते ठरवायचा, दुसरा त्याची रुंदी. पट्टा अरुंद केला की आवाज नाकातून यायचा. आणखी आवळला तर नुसती शिट्टी. रुंद केला की पसरट, फसफशीत व्हायचा. वाफ्याला पाणी देताना पाटाचं दारं किती उघडायचं, तसाच हा अंदाज. काका बोळक्या तोंडानं शेजारी बसले.

"आवळ... लय झालं... जरा सोड... बास! हीच माझी सनई हाय." त्यांचे डोळे भरून आले.

पुढल्याच वरातीत हातगाडी खड्ड्यात आदळली, रुंदीचा नॉब सरकला, सनईची किंचाळी झाली आणि नवरदेवाची घोडी बिथरली. नवरदेव वाचला, फेटा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहाण्यानं स्वतःच्या हातानं, काकांनी 'बास' म्हटलं होतं त्या जागेवर तो नॉब कायमचा चिकटवून टाकला.

मग अकरा वर्षं तेच. नाचाचं गाणं असो, आरती असो की नवरीच्या पाठवणीची धून, सगळं एकाच नाकातून. दुसरं काही वाजवू का म्हटलं की खंडेराव पाठ थोपटायचे. "तुझी सनई हाय म्हणून बँड हाय, बाबा." पाठीवरचा तो हात समाधानला मानेवर ठेवल्यासारखा वाटे. काका वारले, त्यांची सनई मात्र वाजतच राहिली. मनात तो तास न् तास पट्टे उघडायचा, मिटायचा; कधी त्यातून गोदेचा पूर यायचा, कधी नुसता वारा. बोटांखाली मात्र सनईच. तो अक्षरशः गुदमरत होता, आणि तक्रार करायची तरी कुणाची, चिकटवणारा तोच होता.

दोन हजार सहाला गंगापूर रोडवर स्टुडिओ चालवणारा हर्षल त्याला शोधत आला. एका नाटकासाठी त्याला आवाज हवा होता: दोऱ्यासारखा बारीक सुरू होऊन हळूहळू अख्खं थिएटर भरेल असा, हातानं उघडत नेलेला. "रविवारी करून दाखवा, समाधानभाऊ. जमलं तर कायमचे आमच्याकडेच या."

शनिवारी समाधाननं सिंथेसायझर घरी आणून नॉबला पक्कड लावली. कट्ट आवाज झाला आणि नॉब फिरला. घरात एकटाच तो लहान मुलासारखा हसला.

रविवारी स्टुडिओत त्यानं शिट्टीपासून सुरुवात केली. पट्टा उघडत गेला, आवाजाला अंग आलं, आणि काकांच्या जागेवर येऊन हात थांबला.

"पुढे जाऊ द्या," हर्षल म्हणाला.

पुढं नेलं, तर कानाला ते चुकल्यासारखं वाटलं. फार मोठी चूक होतेय, कुणीतरी ओरडणार, घोडी बिथरणार. हात आपसूक मागं आला. दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदा तर त्यानं मनगट दुसऱ्या हातानं धरलं. तरी पट्टा तिथंच आला.

"सनई फार सुंदर आहे हो," हर्षल शेवटी हळू आवाजात म्हणाला. "पण मला सनई नको होती."

सोमवारी येवल्याचं लग्न होतं. टेम्पो यायच्या आधी समाधाननं कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी ट्यूब आणली, नॉब जागेवर फिरवला आणि चिकटवला. जागा बरोबर आहे का, हे बघायला त्याला मशीन सुरूसुद्धा करावं लागलं नाही.