अमडापूरवालीचा घास

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा सकाळी मळ्यात वांगी तोडायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. हुंड्याविरुद्ध, भाजीबाजारातल्या मापाविरुद्ध, गावातल्या दोन पाणवठ्यांविरुद्ध. ‘स्त्री-पुरुष समता’ हे शब्द मी पत्रकांच्या घड्या घालता घालता वाचायला शिकले. म्हणून नवं घर बांधल्यावर दाराशी बसवायच्या काळ्या दगडासाठी बाबांनी वंशावळ लिहिली, तेव्हा तो कागद मी दोनदा वाचला. खापरपणजोबांपासून माझ्या भावापर्यंत सगळे पुरुष.

“बाया कुठं हायेत, बाबा?”

“दगडावर जागा नाही पुरत.”

“पत्रकात पुरते.”

आई शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, “द्या उत्तर आता.”

बाबांनी अट घातली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी मजकूर कारागिराकडे जाणार. तोवर सगळ्या बायांची नावं आणली तर सगळी कोरायची. एकीचंही राहिलं तर आहे तसंच. मी म्हटलं, तसं झालं तर माझं नाव घरात कुठेच लिहायचं नाही, दारावरसुद्धा नाही.

आजीचं नाव घरातच होतं. खापरपणजीचं बाबांच्या आत्याला पाठ होतं. अडलं ते पणजीपाशी. ती जळगाव जामोदहून इथं अमडापुरात, या घरात आलेली, म्हणून सगळे तिला जळगाववाली म्हणायचे. आजोबा लहान असतानाच ती गेली. तिचं खरं नाव कुणालाच सांगता येईना. माहेरचं आडनाव आणि गल्ली मात्र आत्याला ठाऊक होती.

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि चुलीतले निखारे बाहेर काढून त्यांच्यावर एकेका पितराचं नाव घेत पुरणपोळीचा घास सोडतात. मेलेली माणसं जेवतात यावर माझा विश्वास नाही, आजही नाही. पण जळगावातही नावं घेत असतील, एवढी आशा होती. मी भल्या सकाळी निघाले. खामगाव, नांदुरा असं एसटी बदलत पोचले तेव्हा ऊन टाळूवर आलं होतं.

गल्लीत ते घर लगेच सापडलं. पणजीच्या भाच्याची बायको ओट्यावर बसली होती. पार वाकलेली, पण आवाज खणखणीत. मी कुठून आले, कशासाठी आले ते सांगितलं.

“आधी बस. आत घास टाकून राह्यले. तूच ऐक.”

मला घेऊन ती आजी आत गेली. ती नाव सांगायची आणि तिचा मुलगा निखाऱ्यावर घास सोडायचा. तुपाचा वास घरभर झाला. सासरे, चुलत सासरे, नवरा झाले. मग ती म्हणाली, “अन् हा अमडापूरवालीचा.”

मी पुढे सरकले. “आजी, तिचं नाव काय होतं?”

“अमडापूरवालीच म्हणत सारे. मी या घरात आली तवा थे कधीचीच गेली होती. तुमच्याकडं काय म्हणतेत तिले?”

“जळगाववाली.”

ती पदर तोंडाशी धरून हसली. “म्हंजे दोघाइनंबी गावावरच भागवलं.”

मला हसू आलं नाही. “मग तुम्ही पाहिलीच नाही तिला, तरी घास टाकता?”

“सासूनं सांगतलं होतं, पोर दूर देली, तिथं कोणी टाकते का नाही काय मालूम, आपण चुकवू नोको. मंग मी सुनेले सांगतलं.”

या घरात आज हयात असलेल्या एकानेही तिला पाहिलेलं नव्हतं. तरी दरवर्षी तिच्या वाट्याचा घास बाजूला निघत होता.

मी जायला उठले तर आजीनं हात धरला. आखाजीला लेकी माहेरी येतात, जेवल्याशिवाय जात नाहीत. पुरणपोळी आणि चिंचवणी वाढून तिनं सुनेकडून हिरव्या बांगड्या मागवल्या आणि स्वतः माझ्या हातात चढवल्या. “तिची पणती म्हंजे माहेरवाशीणच. थे नाही येऊ शकली, तू आलीस.”

घरी पोचले तेव्हा बाबा दारातच होते.

“भेटलं नाव?”

“नाही.”

झालेलं सगळं सांगितलं. बाबांनी माझ्या बांगड्यांकडे पाहिलं. मग आत जाऊन त्यांनी तो कागद आणला आणि प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या बाईचं नाव लिहीत गेले. भावाशेजारी माझं लिहिलं. पणजोबांशेजारी लिहिलं, ‘जळगाववाली, अमडापूरवाली’.

“अट?” मी विचारलं.

“एकीचंबी राहिलं तर, असं म्हटलं होतं. कोणाचं राहिलं?”

दुसऱ्या दिवशी कारागिरानं कागद परत पुढे केला. “भाऊ, हे चुकलं वाटते. एकच बाई दोन गावची कशी?”

“दोन्ही गावची हाये,” बाबा म्हणाले. “कोर.”

तिचं नाव पुसलं गेलं याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. तो मी पत्रकातून लिहीनच. पण दारातून आत जाताना त्या ओळीवर बोट टेकवते, तेव्हा आठवतो तो जळगावातला निखारा, आणि न पाहिलेल्या मुलीचा घास न चुकवणाऱ्या त्या बाया. येत्या आखाजीला मी पुन्हा जाणार आहे. माझं तिथं माहेर आहे.