लोकरीवरची सरळ रेषा

लाखनीच्या शाळेत मी कित्येक वर्षं गणित शिकवते आहे. धाकटी जाऊ दिघोरीची, दहावीत गणितातच राहिलेली. तिच्या हातात क्रोशाची सुई मात्र पाण्यासारखी चालते.

विज्ञान प्रदर्शनासाठी मी लोकरीचा एक वक्र पृष्ठभाग विणायला घेतला. दर तीन टाक्यांनी एक टाका वाढवायचा. वीण पसरत जाते, तिला जागा पुरत नाही आणि कोंबड्याच्या फुलासारख्या चुण्या पडतात. माझे टाके इतके आवळले गेले, की चुण्या पडण्याऐवजी सगळं ताठ झालं.

"द्या ना ताई, मी पाहू का?" जाऊ म्हणाली.

चार दिवसांत तिने मऊ, भरगच्च फूल आणून दिलं. मी मास्तरणीच्या सुरात म्हणाले, "आता यावर सरळ रेषा दाखवायच्या. तेच अवघड आहे."

तिने वीण दुमडली आणि घडी बोटाने दाबली. "हे सरळच आहे ना?" त्या घडीवर तिने पिवळा धागा घातला. मग बाजूच्या एकाच टाक्यातून तीन घड्या घातल्या. एकही पिवळ्या धाग्याला भेटेना.

"ताई, ह्या काहून भेटून नाही राहिल्या?"

सपाट कागदावर एका बिंदूतून दुसऱ्या रेषेला कधीच न भेटणारी एकच रेषा निघते. इथे कितीतरी निघतात, हे मला कॉलेजात दोनदा वाचून कळलं होतं. हिला ते नुसत्या घड्या घालून दिसलं. "असंच असतं ते," म्हणून मी विषय तोडला.

भंडाऱ्याला प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "घडीची कल्पना कोणाची?"

"माझीच," मी म्हणाले. जाऊ लोकरीची पिशवी घेऊन मागेच उभी होती.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "किती छान सांगितलं तुमी. मले तं शब्दच नसते सुचले." ती भांडली असती तर बरं झालं असतं. आता तर तिच्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटायला लागला.

आठ दिवस नीट जेवण गेलं नाही. शेवटी मुख्याध्यापिकांना खरं सांगितलं. त्यांनी तिला शनिवारी मुलींना विणकामातून भूमिती शिकवायला बोलावलं. सगळे माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करतात.

शनिवारी शेजारच्या वर्गात मुली खळखळून हसतात. माझ्या तासाला त्या कधी अशा हसल्या नाहीत. मी उठते, आवाजाने लक्ष लागत नाही म्हणते आणि दार लावून घेते.