मेमरीचं गाऱ्हाणं

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाचं नाव मी विचारलं नाही. तंत्रज्ञानातल्या एवढ्या थोर माणसाला नाव विचारणं बरं दिसत नाही.

कानावर स्क्रूड्रायव्हर खोचून त्याने माझ्या म्हाताऱ्या कंप्युटरात नवी मेमरी घातली. यंत्र नुसतं टीं टीं करत राहिलं. दुसऱ्या दिवशीची प्रश्नपत्रिका आतच अडकलेली.

मग त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, मास्तरान ऐपतीपरमाणे मेमरी आणल्यान हा, ती गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!" बाकावरची गिऱ्हाइकं एका सुरात म्हणाली. कंप्युटर ढिम्म.

माझं मिटलेलं तोंड बघून तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी व्हय म्हणूक नाय."

मी विज्ञान शिकवतो. तरीही दुसऱ्या गाऱ्हाण्याला सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता. त्याच वेळी, या खेपेला मेमरीवर दाबून धरलेल्या त्याच्या अंगठ्याखाली ती खट्ट करून खाचेत बसली, पण असल्या किरकोळ तपशिलाकडे कोण बघतो? त्याने बटण दाबलं आणि पडदा उजळला.

आता घरी कंप्युटर लावताना आसपास कुणी विद्यार्थी नाही ना, ते आधी बघून घेतो. मग हळूच म्हणतो, "व्हय म्हाराजा."