पाण्यात करंट पाह्यणारा कवडूभाऊ

कवडूभाऊ कोणाच्याही घरी गेला का आधी उलटा हात नळाले लावे, लोखंडी खाटेले लावे, कुलरच्या पत्र्याले लावे, मंगच बसे. नव्या माणसाले वाटे, हा काही देवदेव करते का काय. एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या खुर्चीलेही असाच हात लावला, तं नवरीचा मामा त्याच्यावर बिघडला. कवडूभाऊ म्हणे, "मामाजी, खुर्ची लोखंडाची हाय, अन् मांडवाचा तार तिच्या पायाखालून गेला हाय." तार सरकवला, जेवला अन् घरी गेला.

उलटाच हात काहून, असं मी एक खेप त्याले विचारलं. मी अंगणात मच्छी कापत होती, तो ओट्यावर बसला होता. म्हणे, "सुलट्या हातानं करंटाले धरलं का मूठ आपोआप आवळते वयनी. मंग ते सुटत नाई. उलटा हात झटक्यानं मांगं येते." माहा माणूस गेला तवा त्याची मूठ आवळलेलीच होती. ते मी पाह्यलं होतं, कवडूभाऊनंही पाह्यलं होतं. मी खाली पाहून खवले काढत राह्यली. तो उठून गेला, चहा तसाच राह्यला.

आमी ढिवर. दिघोरीच्या अंगाले आमचं गाव, गावाले तलाव, अन् तलावावर आमचं पोट. मी दुसरीपर्यंत शाळेत गेली, मंग लहान भाऊ सांभाळायले घरी बसली. कवडूभाऊ सातवी शिकला होता. पोरपणी तो एका ठेकेदाराच्या हाताखाली विजेचे खांब गाडायच्या कामावर होता, मंग सडकेवर टिनाच्या टपरीत जळलेल्या मोटरी भरून द्यायचं दुकान त्यानं टाकलं. टपरीत पाय ठेवायले जागा नसे. मेलेले रेडिओ, फुटक्या टीव्हीचं पोटातलं सामान, गेलेले बल्ब, सारं त्याले पायजे. बायको म्हणे, माह्या घरी भंगारवाला येते तं माल देऊन जाते.

त्याचं गावात नाव झालं ते एका जुगाडानं. शेतातल्या मोटरीच्या लायनीवर परतीचा तार नसे. तीन तारांवर मोटर चाले, पण झोपडीत एक बल्ब लावायचा तं त्याले एक जायाचा तार पायजे अन् एक परतीचा. जायाचा भेटे, परतीचा नाई. कवडूभाऊनं काय केलं, कमरेइतका लोखंडी रॉड तलावाच्या काठाले, ओल्या गाळात गाडला अन् बल्बाचा दुसरा तार त्याले बांधला. बल्ब चकाचक जळाले लागला. तो म्हणे, "करंटाले जिथून आला तिथी वापस जायाचं असते. तार नसन तं तो जमिनीतून जाते. ओली जमीन त्याले चांगली वाट देते." लोकं लय खूश झाले. आजूबाजूच्या चार गावातून बलावणं ये. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पारीवर, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, जिथं ओल तिथं त्यानं रॉड गाडले. माह्या माणसानं एक खेप हसून म्हटलं होतं, कवडू, तू तं जमिनीलेच तार केलं बाप्पा.

मंग तो उन्हाळा आला. तलाव आटला. काठ भेगाळला, पाणी लय आत गेलं. रॉड होता तिथंच राह्यला, पण आता तो कोरड्यात होता. कोरडी जमीन करंटाले वाट देत नाई, मंग तो रॉडातच थांबून राह्यते. हे मले मांगून समजलं. माहा माणूस सकाळी जाळं घेऊन गेला. पाण्यातून ओल्या अंगानं वर येऊन त्यानं जाळ्याची दोरी बांधायले तो रॉड धरला. झोपडीतला बल्ब कोणी तरी बंद करायचा भुलला होता.

मी धावत गेली तवा लोकं जमले होते. कोणी म्हणे फेफरं आलं, कोणी म्हणे ऊन लागलं. मी त्याच्या हाताजवळ बसली. रॉडाच्या बुडाशी तार बांधला होता, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती अन् वरून हिरव्या सुताच्या दोन गाठी. तशाच गाठी माह्या घरच्या मीटरच्या तारावर होत्या. कवडूभाऊ ट्यूबची पट्टी अन् हिरवं सूतच वापरे. मी मान वर केली तं तो गर्दीत उभा होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. मातीले नेऊन आमी वापस आलो तवा रॉड तिथं नव्हता. कागदावर पाण्यात बुडून मेला असं लिहून आलं.

दहाव्याले कवडूभाऊ आला, लांब बसला, पाणीही नाई पेला.

आता मी खोटं सांगत नाई, मले त्याचा लय राग होता. दोन लेकरं होती, लहानी तं अंगावर पेत होती. एक दिवस मी लुगडं बदललं, लेकरं सासूजवळ ठेवली अन् लाखांदूरले ठाण्यात सांगायले निघाली. पायीच निघाली. गावाच्या बाहेर एका बांधीत आवाज ऐकू आला. कवडूभाऊ सब्बल घेऊन खंदत होता अन् शेताचा मालक धुऱ्यावर उभा राहून त्याले शिव्या देऊन राह्यला होता. म्हणे, तूच गाडला अन् आता तूच उपटतेस, माहा बल्ब काय तुहा बाप जाळन. कवडूभाऊ म्हणे, "दोन तार वढून देतो. तवरोक कंदील लाव." त्यानं रॉड उपटला, खांद्यावर टाकला अन् पुढच्या बांधीकडं गेला.

मी बाभळीच्या सावलीत बसली. माह्या मनात आलं, याले पोलिसानं नेलं तं बाकीचे रॉड कोण काढन? कुठं कुठं गाडले ते त्याच्याशिवाय कोणालेच ठाऊक नाई. अन् तलावात, बोडीत उतरणारे आमचेच लोकं. मी घरी वापस आली. सासूनं विचारलं, गेली होतीस कुठं? म्हटलं, कुठंच नाई.

पण आमच्या बायका तलावात उतरायले भेत होत्या. माह्याच्यानं भेऊन बसणं होत नव्हतं, घरी दुसरं काही पिकत नव्हतं. मी दिवसभर पाण्यात उभी राहून झिंगे धरे अन् पाय थोडा मुरमुरला तरी अंगावर काटा ये. कवडूभाऊ पारीवर बसून पाहे.

तेच दिवस होते, त्यानं काठी करायले घेतली. बांबूची काठी, माणसाएवढी. खाली तांब्याचे दोन काटे, एकमेकापासून हातभर दूर. वर साबणाची डबी, डबीत सेल, लाल दिवा अन् पोराच्या खेळण्यातली पिपाणी. अन् मधात रेडिओतून काढलेला एक काळा जिन्नस, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तीन पायाचा. कवडूभाऊ त्याले किडा म्हणे. मले त्यानं हातावर ठेवून दाखवला. "ह्या किड्याच्या एका पायाले करंटाचं बोट चाटवलं ना वयनी, तं हा दुसऱ्या पायानं मोठा नळ खोलते. पाण्यात इतकासा करंट असन, माणसाले समजणारही नाई, तं हा बोंबलते."

पहिली काठी कायमच बोंबले. घरात बोंबले, झाडाखाली बोंबले, त्याच्या बायकोनं हात लावला तरी बोंबले. बायको म्हणे, ही तं माह्याच माहेरची दिसते. दुसरी काठी बोंबलेच नाई. टपरीत पाण्याचा टब ठेवून, त्यात कमी ताकदीचा करंट सोडून तो दिवस दिवस बसे. मोटरी भरायचं काम मांगं पडलं. लोकं म्हणाले, कवडू भरमला. वरीसभरात किती किडे मेले ते त्यालेच ठाऊक. मंग एक दिवस तो काठी घेऊन आला अन् तलावाच्या काठावर आमच्यासमोर उभा राह्यला. आमाले म्हणाला, थांबा. अन् स्वतः आधी पाण्यात गेला. छातीपर्यंत गेला, काठी पुढं टेकवत गेला, सारा काठ फिरून आला. म्हणे, "उतरा आता."

तवापासून तेच झालं. रोज सकाळी कवडूभाऊ आधी उतरे, मंग आमी. बायकांनी त्या काठीचं नाव सासू ठेवलं, पाय टाकायच्या आधीच वरडते म्हणून. कोणी घाईनं उतरली का दुसरी म्हणे, अवं थांब, सासूले पुढं जाऊ दे. कवडूभाऊ हसत नसे, पण आयकत असे. थंडीत तो लटलट कापे तं एक बुढी म्हणे, भाऊ, सासू चूप हाय अन् तुमीच काहून थरथरता.

एक खेप सासू खरंच बोंबलली. पाण्याची मोटर काठावर होती, तिचा तार जोड तुटून पाण्यात पडला होता, वरून शेवाळ. आमी नऊ बाया होतो, कमरेले टोपले बांधलेल्या. त्यानं मांगं पाह्यलं नाई, नुसता हात आडवा केला अन् म्हणाला, "बाहेर." मोटरीचा फ्यूज काढला, तारावर काठी टेकवून पाह्यली, मंग काठावर खाली बसला. मी त्याले पाणी देलं. त्या दिवशी पेला तो, माह्या हातचं पाणी.

मंग गोष्ट दूर गेली. नागपुरातून कॉलेजचे एक सर आले, काठी खोलून पाह्यली, फोटो काढले. म्हणाले, काका, हा तुमचा शोध हाय, सरकारात याचा कागद करू, काठीले तुमचं नाव लागन. मी तिथंच होती, झिंगे वाळवत. कवडूभाऊनं काठी त्याहिच्या हातातून वापस घेतली. मंग म्हणाला, "नाव लावायचं तं सुरवातीपासून सांगावं लागन, सर. राहू द्या. कशी बनवायची ते लिहून घ्या अन् लोकायले द्या." सर समजले नाई, त्याहिले वाटलं बुढा लाजून राह्यला. मी समजली. मी वर पाह्यलं तं तो माह्याकडंच पाहत होता.

अशी वीसेक वर्सं गेली. माही लहानी सासरी गेली. तलावाकडच्या लायनीले आता परतीचा तार हाय. काठ्या तं सात-आठ गावात झाल्या. कवडूभाऊच्या छातीत पाणी झालं, भंडाऱ्याच्या डाक्टरनं घरी नेऊन सेवा करा म्हटलं. मी रोज दुपारी मऊ भात घेऊन जाये. एक दिवस बायको विहिरीवर गेली होती. त्यानं मले जवळ बसायले सांगतलं.

"वयनी, तो रॉड माहा होता."

"मले ठाऊक हाय."

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. हिरव्या गाठी होत्या."

त्याच्या डोळ्यातून पाणी आलं, कानात गेलं. पुसायले हात उचलला नाई त्याच्यानं. मी पदरानं पुसलं. त्यानं विचारलं, मंग मले धरून काहून देलं नाई. मी म्हटलं, "रॉड कुठं हायेत ते तुमालेच ठाऊक होतं, भाऊ. तुमाले धरून देलं असतं तं काढले कोणी असते?" मी त्याले माफ केलं का नाई ते त्यानं विचारलं नाई. विचारलं असतं तं काय सांगतलं असतं, ते मले अजूनही समजत नाई.

मंग तो म्हणाला, "एक राह्यला." सडकेपलीकडच्या बोडीच्या पारीवर. मालक हात लावू देत नाई, चार खेपा हाकललं. म्हणते माहा बल्ब चांगला जळते, तुहा काय संबंध.

मी भाताचं भांडं तिथंच ठेवलं अन् निघाली. मालक झोपडीपुढं खाटेवर बसला होता. मी सांगतलं, रॉड काढायचा हाय. तो हसला. म्हणे, बाई, तुले काय समजते त्यातलं. तवा मी सांगतलं. इतक्या वर्सात गावात कोणाले सांगतलं नव्हतं, त्याले सांगतलं. "माहा माणूस बुडून नाई मेला. अशाच रॉडाले चिपकून मेला. पाणी आटलं होतं, जसं आता तुह्या बोडीचं आटून राह्यलं."

तो खाटेवरून उठला. म्हणे, कोणी गाडला होता तो?

"ज्यानं हा गाडला त्यानं. त्यानंच मले धाडलं."

तो रॉडाजवळ गेला. रॉडाच्या बाजूलेच त्याच्या म्हशीच्या पायाचे ठसे होते. मंग आत गेला, फ्यूज काढून आणून माह्या हातात देला अन् सब्बल घेऊन स्वतःच खंदाले लागला. रॉड जंगून बोटाएवढा बारीक झाला होता.

तो रॉड मी पदरात गुंडाळून घेऊन आली. कवडूभाऊचे डोळे मिटले होते, त्याची बायको पायाशी बसली होती. मी रॉड खाटेखाली ठेवला, लोखंड वाजलं. त्यानं डोळे उघडले, खाली पाह्यलं. आवाज राह्यला नव्हता, मी कान तोंडाजवळ नेला.

"फ्यूज काढून मंगच उपटला ना, वयनी?"

म्हटलं, हो भाऊ.